महाधमनीची दुरुस्ती झाली, मग बीपीची गोळी कशाला?

विषय: भाच्याच्या बीपीबद्दल विचारायचं होतं

मंडळातल्या सगळ्यांना राम राम.

अमळनेरला माझ्या बहिणीचा मुलगा आहे, वय १४. शाळेतल्या आरोग्य तपासणीत त्याचं बीपी जास्त निघालं. पुढे इको आणि सीटी झाल्यावर कळलं, की महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, जन्मतःच एका जागी अरुंद आहे. मुंबईला नेऊन स्टेंट (अरुंद जागा उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला. पोरगा आता मजेत आहे, पण बीपीची गोळी अजून चालूच आहे. आमची आजी रोज म्हणते, "पोऱ्या बरा व्हई गया ना, मग गोया कसाले?" बहिणीच्याही मनात गोळी थांबवायचं आहे. कोणी जाणकार समजावून सांगेल का? मी तिला फोनवर वाचून दाखवीन.

उत्तर: भाच्याच्या बीपीबद्दल

दादा, मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, मूळचा भुसावळचा. ताईंना आधी एवढं सांगा, की गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी जिथे फुटते, तिच्या जरा पुढे महाधमनी सहसा अरुंद असते. त्यामुळे डोक्याकडे आणि हातांकडे रक्त जोरात जातं, पायांकडे कमी. केळीच्या बागेत ठिबकची मुख्य नळी मध्येच दाबली गेली तर अलीकडे दाब चढतो आणि पुढच्या झाडांना पाणी पुरत नाही, तसंच हे. मूत्रपिंडं अडथळ्याच्या पुढे येतात. रक्त कमी पोचलं की ती शरीराला बीपी आणखी वाढवायला लावतात. हृदयाचा डावा कप्पा या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षं जोर लावतो आणि त्याची भिंत जाड होते. उपचार नव्हते त्या काळात असे रुग्ण सरासरी पस्तिशीच्या आसपास जात.

स्वीडनमध्ये क्लॅरन्स क्राफूर्ड यांनी १९४४ साली अरुंद भाग कापून महाधमनीची टोकं जोडली. आता वयात आलेल्या मुलांना बहुधा स्टेंट पुरतो. त्यानं अडथळा जातो, कप्प्यावरचा भार उतरतो आणि जाड झालेली भिंत हळूहळू पातळ होऊ लागते. पण वरच्या भागातल्या धमन्या इतकी वर्षं जास्त दाब सोसून कडक झालेल्या असतात, त्या लगेच मऊ होत नाहीत. काहींची तर कधीच होत नाहीत. दुरुस्ती जितकी उशिरा, तितकी बीपी टिकून राहण्याची शक्यता जास्त. चौदाव्या वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर गोळी लागणं यात नवल नाही. ती चालू आहे म्हणजे ऑपरेशन फसलं, असं ताईंनी मुळीच समजू नये.

बीपी उजव्या हातालाच मोजा आणि कफ त्याच्या दंडाच्या मापाचा असू द्या. दर भेटीत पायाचंही मोजायला सांगा. एरवी पायाचं बीपी हाताच्या बरोबरीचं किंवा थोडं जास्त असतं. त्याचा वरचा आकडा हातापेक्षा २० किंवा त्याहून अधिक अंकांनी खाली आला, तर जागा पुन्हा अरुंद झाली का ते बघावं लागतं. काही वर्षांनी सीटी किंवा एमआरआयही लागेल, कारण दुरुस्तीच्या जागी फुगा येऊ शकतो. महाधमनीच्या झडपेला तीनाऐवजी दोनच पाकळ्या आहेत का, हे इकोच्या रिपोर्टमध्ये बघा. अशा जवळजवळ निम्म्या रुग्णांत त्या दोन असतात.

बिबड्या, लोणचं, शेवभाजी यांवर जरा हात आखडता घ्या. मीठ या बीपीला चालत नाही.

शाळेत हे सापडलं याचं मला फार समाधान वाटलं. हा दोष ओळखायला एका हातानं मनगटाची आणि दुसऱ्यानं जांघेतली नाडी एकाच वेळी धरायची. जांघेतली मंद लागते किंवा मागून येते. मिनिटभराचं काम आहे, पण बीपी वाढलेल्या प्रत्येक पोराचं कुणी करत नाही.

उत्तर: भाच्याच्या बीपीबद्दल

डॉक्टरसाहेब, बहिणीला सगळं वाचून दाखवलं. गोळी चालू ठेवते म्हणाली. पोरगा कबड्डी खेळतो, ती सोडावी लागेल का?

उत्तर: भाच्याच्या बीपीबद्दल

एकदम सोडू नका. आधी ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. बसल्या जागी नॉर्मल असणारं बीपी अशा मुलांमध्ये पळताना फार चढू शकतं. ते आटोक्यात असलं, तर चालणं, सायकल, पोहणं बेलाशक चालू द्या. कबड्डीचं मात्र त्याच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवूनच ठरवा. जिममध्ये श्वास रोखून जड वजनं उचलायची नाहीत, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.