नो मॅन्स स्काय: सिग्नल बूस्टरचा नंबर पोर्टलवर टाकतो, पण भलत्याच सिस्टीममध्ये निघतो (मदत हवी आहे)

पऱ्हाटी
मंडळी, नो मॅन्स स्काय या अंतराळाच्या व्हिडिओ गेममध्ये वर्ध्याच्या मित्राचा तळ (त्यानं बांधलेलं ठाणं) शोधून राहिलो, सापडत नाही. त्यानं सिग्नल बूस्टरवरून (खेळातलं जागेचा नंबर दाखवणारं यंत्र) हा नंबर पाठवला (स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं असतात, इथं देवनागरीत लिहितो):

०ए३५ : ००८४ : ०सी१ई : ०१बी२

याच्याआधी पाच अक्षरं होती, ती त्यानं दिली नाहीत. दोघंही युक्लिड या एकाच आकाशगंगेत आहो. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात ८०१ मिळवायचे, दुसऱ्यात ८१, एवढं माहीत होतं. तशा बेरजा करून पोर्टलवर (चिन्हांचा पत्ता टाकला की दूरच्या ग्रहावर नेणारं दार) हे टाकलं: १, १बी२, २३६, ०५, ४१एफ. पोर्टल उघडते, पण निघतो दुसरीकडंच. मित्राच्या नकाशात केंद्र सुमारे ४ लाख ७९ हजार प्रकाशवर्षं दाखवते, माझ्याकडं आकडा जुळतच नाही.

आणखी एक. पोर्टलच्या सोळा चिन्हांत शून्याचं चिन्ह कोणतं? मी पहिल्याला १ धरलं आणि उरलेलं सोळावं शून्याला वापरलं.

ऑनलाइन कन्व्हर्टरची लिंक देऊ नका. इथं लाइट गेली की टॉवरही जातो. कागदावर जमेल असं सांगा.

तुऱ्हाटी
भाऊ, बेरजा तिन्ही बरोबर आहेत. चुका दोन आहेत आणि दोन्ही बेरजेच्या नंतरच्या.

पहिली चूक क्रमाची. बूस्टर एक्स, वाय, झेड (जागेचे तीन आकडे) आणि शेवटी सिस्टीमचा, म्हणजे ग्रहमालेचा, नंबर असं देतो. पोर्टलला मात्र आधी ग्रह (१ चिन्ह), मग सिस्टीम (३), मग वाय (२), मग झेड (३) आणि सगळ्यात शेवटी एक्स (३) लागतो. तू सिस्टीमनंतर बूस्टरच्याच क्रमानं एक्स, वाय, झेड टाकला. तुझा खरा पत्ता असा:

१ – १बी२ – ०५ – ४१एफ – २३६

दुसरी चूक मोजणीची. पहिलं चिन्ह म्हणजेच शून्य. तू एकापासून मोजल्यानं पूर्ण पत्ता एक घर सरकला. खेळात ज्या क्रमानं दिसतात तसं लिहून घे: ० सूर्यास्त, १ पक्षी, २ चेहरा, ३ डायनासोर, ४ ग्रहण, ५ फुगा, ६ होडी, ७ किडा, ८ चतुर, ९ आकाशगंगेचा भोवरा, ए ठोकळा, बी मासा, सी तंबू, डी रॉकेट, ई झाड, एफ त्रिकोण.

म्हणजे तुझी बारा चिन्हं: पक्षी, पक्षी, मासा, चेहरा, सूर्यास्त, फुगा, ग्रहण, पक्षी, त्रिकोण, चेहरा, डायनासोर, होडी. सोळाही चिन्हं मिळालेली असायची गरज नाही, पत्त्यात आहेत तेवढी असली की झालं. तुझ्या पत्त्यात नऊच वेगवेगळी आहेत.

ती पाच अक्षरं सोडून दे, पत्त्यात त्यांचं काही काम नसते.

पऱ्हाटी
क्रम उलटसुलट असेल असं डोक्यातच आलं नाही. बेरजा मी एका ॲपवर केल्या होत्या, आता ते ॲप नाही. हातानं कशा करायच्या? आणि हे ८०१ येते कुठून?

पांधण
बूस्टर आकाशगंगेच्या कोपऱ्यापासून मोजतो. तिथं केंद्राचा पत्ता ०७एफएफ : ००७एफ : ०७एफएफ असा आहे. पोर्टल केंद्रापासूनच मोजते, त्याच्यासाठी केंद्र म्हणजे शून्य. म्हणून खरं तर ७एफएफ वजा करायचे असतात. पण आकडा लहान असला की उत्तर ऋण येते, आणि पोर्टलवर उणे चिन्ह नाही. मग मोटरसायकलच्या किलोमीटरच्या काट्यासारखं होते, ९९९९ च्या पुढं पुन्हा ००००. तीन अंकांच्या हेक्स (सोळाच्या मोजणीच्या) काट्यावर ७एफएफ मागं जाणं आणि ८०१ पुढं जाणं एकच. वायचा काटा दोनच अंकांचा, म्हणून तिथं ८१.

हातानं करायचं तर ए म्हणजे १०, एफ म्हणजे १५, आणि हातचा दहाला नाही, सोळाला. ए३५ अधिक ८०१ उजवीकडून कर: ५ + १ = ६. ३ + ० = ३. ए + ८ म्हणजे १० + ८ = १८, त्यातले १६ गेले, उरले २, हातचा १. आला १२३६. पुढचा हातचा फेकून दे, राहिले २३६. सी१ई चं तसंच: ई + १ = एफ, १ + ० = १, सी + ८ = २०, उरले ४. म्हणून ४१एफ. ८४ आणि ८१ ची बेरीज १०५, त्यातले ०५ ठेवायचे. इथं पुढचा शून्य गाळला की बाराऐवजी अकराच चिन्हं होतात.

हातचा आलाच नाही तर फेकायचं काही नाही. ५१२ अधिक ८०१ केलं तर १३ म्हणजे डी, उत्तर डी१३, तेच वापरायचं. लोक इथंही पहिला अंक उडवतात आणि आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला जातात.

सिस्टीमच्या नंबरमध्ये काही मिळवू नको. ०१बी२ चा पुढचा शून्य काढ, झालं. तिथं ००७९ दिसलं तर ते कृष्णविवराचं सिस्टीम, ००७ए असलं तर ॲटलस स्टेशनचं.

तुऱ्हाटी
पोर्टल उघडायच्या आधी पत्ता तपासूनही घेता येते. एक घर ४०० प्रकाशवर्षांचं. केंद्रापासून २३६ म्हणजे आपले ५६६, ०५ म्हणजे ५, ४१एफ म्हणजे १०५५. तिघांचे वर्ग करून मिळव, वर्गमूळ काढ: सुमारे ११९७. गुणिले ४०० म्हणजे ४ लाख ७९ हजाराच्या आसपास. तुझ्या मित्राच्या नकाशातला आकडा हाच, म्हणजे नंबर त्यानं बरोबर वाचला. (आकडा ८०० च्या वर आला तर आधी त्यातून ४०९६ वजा कर, मग वर्ग. वायसाठी ८० च्या वर असला तर २५६ वजा. हे हेक्समधले ८०० आणि ८० बरं.)

संत्राबाग
दोघं युक्लिडमध्ये आहेत हे नकाशात नाव पाहूनच नक्की करा. पोर्टलच्या पत्त्यात आकाशगंगेचा नंबर नसतोच. मौजा न सांगता नुसता गट नंबर सांगितल्यासारखं आहे ते, ११२ नंबरचा गट गावोगावी सापडतो. अनॉमलीतल्या (सगळे खेळाडू भेटतात ते स्थानक) टेलिपोर्टरनं कोणाच्या तळावर गेलं की माणूस नकळत आयझेंटामसारख्या वेगळ्याच आकाशगंगेत पोचलेला असतो, आणि मग तोच पत्ता तिथल्या भलत्याच सिस्टीमला नेतो.

आणि पुढच्या वेळी मित्राला त्याच्या ग्रहावर उभं राहून फोटो मोड लावायला सांगा. खाली डाव्या कोपऱ्यात बाराही चिन्हं येतात, ग्रहासकट. बेरजेची भानगडच नाही.

पऱ्हाटी
सिस्टीम सापडलं! नावही जुळलं. पण ग्रहावर तळ दिसत नाही.

पांधण
बूस्टरच्या नंबरात ग्रह नसतोच. पहिलं चिन्ह तू अंदाजानं १ ठेवलं. २ पासून ६ पर्यंत बदलून पाहा, बाकीची अकरा तशीच राहू दे. नाही तर आत्ता त्याच सिस्टीममध्ये आहेसच, जहाजानं ग्रह फिरून मित्रानं सांगितलेलं नाव शोध. ग्रह मिळाला की अक्षांश-रेखांश विचार, पोर्टल काही तळाच्या दारात उतरवत नाही.

आणि तुझं नेट चालू आहे का? ग्रह, डोंगर, झाडं नेटशिवायही तीच तयार होतात, पण दुसऱ्याचा तळ सर्व्हरवरून येतो. हॉटस्पॉट तुटलेला असला तर तळाच्या जागेवर उभा राहूनही तुले गवतच दिसणार.

परत यायच्या आधी तिथल्या स्पेस स्टेशनवर एकदा उतरून घे. पोर्टलमधून गेल्यावर हायपरड्राइव्हनं (एका सिस्टीममधून दुसऱ्यात उडी मारायचं जहाजाचं इंजिन) त्या सिस्टीमच्या बाहेर पडता येत नाही. स्टेशनवर जाऊन आलं की ते टेलिपोर्टरच्या यादीत राहते. मग पोर्टलनं परत ये आणि टेलिपोर्टरनं पुन्हा जा, ती अडचण राहत नाही.

पऱ्हाटी
पहिलं चिन्ह ३ केलं, ग्रह तोच निघाला. नेट खरंच बंद होतं. स्टेशनवर उतरून आलो, यादीत नाव आलं. हॉटस्पॉट पुन्हा जोडला की तळ पाहतो.