लंडनमध्ये कोणत्या भागात राहावे? आपापले अनुभव लिहावेत

नोकरी, शिक्षण किंवा जोडीदाराची बदली यांमुळे लंडनला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, की राहायला कोणता भाग चांगला. त्याला मिळणारे उत्तरही ठरलेले असते : उत्तर देणारा स्वतः जिथे राहतो, तो. ३२ बरो (स्वतःची स्थानिक परिषद असलेले विभाग) आणि सिटी ऑफ लंडन मिळून झालेल्या या शहरात अशा उत्तराचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून भागांची नुसती नावे सुचवू नयेत. आपण तो भाग का निवडला, निवडताना काय पाहायचे राहून गेले आणि ते केव्हा ध्यानात आले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. घरात कोण कोण होते आणि कामाची जागा कुठे होती, हेही लिहिले तर वाचणाऱ्याला आपल्या परिस्थितीशी ताडून पाहता येईल.

सुरुवात माझ्यापासून करते. २०१३ साली मी एकटी आले तेव्हा माझे कार्यालय पश्चिमेला हॅमरस्मिथला होते आणि मी घर घेतले आग्नेयेला, कॅटफर्डला. भाडे माझ्या आवाक्यात होते आणि लंडन ब्रिज स्थानक गाडीने पंधरा-सोळा मिनिटांवर आहे, असे जाहिरातीत म्हटले होते. ते खोटे नव्हते. मात्र लंडन ब्रिजला मला काही काम नव्हते. ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, २७२ स्थानकांपैकी बहुतेक स्थानके थेम्सच्या उत्तरेला आहेत आणि दक्षिणेचा मोठा भाग जमिनीवरून धावणाऱ्या रेल्वेवर अवलंबून आहे, ही गोष्ट नकाशात ढळढळीत दिसत असूनही मी तिचा अर्थ लावला नव्हता. त्या गाड्या दर दोन मिनिटांनी येत नाहीत, एक चुकली की पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडते. घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत मला रोज ऐंशी मिनिटे लागत. चौदा महिन्यांनी मी ॲक्टनला राहायला गेले. भाडे वाढले, खोली लहान झाली आणि संध्याकाळी सातला घरी बसून चहा पिण्याचे सुख आयुष्यात परत आले.

हाउन्स्लो, २०१६ ते २०१९, पती-पत्नी

आमच्या बाबतीत भाग कंपनीनेच निवडला, असे म्हणावे लागेल, कारण पहिले तीन आठवडे त्यांनी जिथे उतरवले, त्याच परिसरात आम्ही घरे पाहिली. ओळखीच्या दुकानांपाशी राहावे, असे नव्या माणसाला वाटतेच. ट्यूबची पिकॅडिली लाइन दाराशी होती, शेजारी आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे होती, आणि घर पाहायला गेलो त्या शनिवारी परिसर इतका शांत होता की पत्नीने लगेच होकार दिला.

राहायला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचच्या आधी डोक्यावरून पहिले विमान गेले. नंतर समजले ते असे. हीथ्रोला उतरणारी विमाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतात. लंडनमध्ये बहुतेक दिवस वारा पश्चिमेचा असतो, म्हणून विमाने पूर्वेकडून, म्हणजे शहरावरून आणि मग आमच्या छपरावरून येतात. ज्या शनिवारी आम्ही घर पाहिले, त्या दिवशी वारा पूर्वेचा होता. दोन धावपट्ट्यांपैकी उतरण्याची धावपट्टी दुपारी तीन वाजता बदलतात आणि दर आठवड्याला हा क्रम उलटा होतो, त्यामुळे एका आठवड्यात सकाळ शांत, तर पुढच्या आठवड्यात संध्याकाळ शांत, असे चालते. हे वेळापत्रक प्रसिद्ध केलेले असते. आम्ही ते स्वयंपाकघरात चिकटवले होते आणि पाहुणे त्यानुसारच बोलावत होतो. तीन वर्षे राहिलो, म्हणजे निभावले हे खरे, पण करारावर सही करण्यापूर्वी त्या रस्त्यावर वेगवेगळ्या दिवशी निदान दोनदा जायला हवे होते.

हॅरो, २०१९ पासून, दोन मुले

आम्ही भाग निवडला तो केवळ शाळेसाठी, आणि या विषयावर मला थोडे लांबण लावून लिहायचे आहे, कारण ‘चांगल्या शाळेजवळ घर घ्या’ हा सल्ला सगळे देतात, पण त्यापुढचे कोणी सांगत नाही.

मुलगी चार वर्षांची झाली होती आणि सप्टेंबरमध्ये तिचा रिसेप्शनचा, म्हणजे प्राथमिक शाळेतला अगदी पहिला, वर्ग सुरू व्हायचा होता. ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा अहवाल उत्तम असलेली शाळा शोधून, तिच्यापासून पाऊण किलोमीटरच्या आत घर मिळवून, आम्ही फेब्रुवारीत दाखल झालो आणि निर्धास्त झालो. प्राथमिक शाळेच्या अर्जाची मुदत १५ जानेवारीला संपते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार वेळेवर आलेल्या अर्जांनंतर होतो, मग घर शाळेच्या फाटकासमोर का असेना. पाच ते सात वयाच्या मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे तीस मुले अशी कायद्याची मर्यादा आहे, त्यामुळे ‘एकाला सामावून घ्या’ ही विनवणी तिथे चालत नाही. १६ एप्रिलला वेळेवर अर्ज केलेल्यांना शाळा कळल्या. आमचा क्रमांक प्रतीक्षायादीत चौथा लागला आणि मे महिन्यात तो सातवा झाला. मी चिडून विचारले, तेव्हा अधिकारी बाईंनी शांतपणे समजावले, की ही यादी अर्जाच्या तारखेवरून लागत नाही, शाळेच्या निकषांवरून लागते. दरम्यान कोणाचे भावंड त्या शाळेत आले किंवा कोणी आमच्याहून जवळ राहायला आले, की आम्ही मागे सरकणार.

दुसरी गोष्ट अशी, की ज्याला सगळे ‘कॅचमेंट’ म्हणतात, ती पुष्कळ शाळांच्या बाबतीत आखून दिलेली हद्द नसतेच. गेल्या वर्षी शेवटचे मूल किती अंतरावरून घेतले, एवढाच तो आकडा असतो, आणि ज्या वर्षी भावंडे जास्त येतात त्या वर्षी तो आक्रसतो. म्हणून एका वर्षाचा आकडा पाहून घर घेऊ नये. बरोच्या प्रवेशपुस्तिकेत मागील वर्षांचेही आकडे असतील, तर ते पाहावेत, आणि आपले घर सर्वांत लहान आकड्याच्याही आत येते का, ते तपासावे.

मुलीला दोन किलोमीटरवरची दुसरी शाळा मिळाली, जिचे नावही आमच्या यादीत नव्हते. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये हव्या असलेल्या शाळेत जागा निघाल्याचे कळवण्यात आले. तोवर तिला दोन जिवलग मैत्रिणी झाल्या होत्या. आम्ही नकार कळवला, आणि त्या घराचे वाढीव भाडे मात्र करार संपेपर्यंत भरत राहिलो.

ईस्ट हॅम, २०२१ ते २०२३, विद्यार्थी

मी पहिले डिपॉझिट घर न पाहताच पाठवले आणि ते बुडाले. घरमालक परदेशात असल्याचे सांगत होता, किल्ल्या कुरियरने येणार होत्या, छायाचित्रे सुरेख होती. पोहोचल्यावर त्या पत्त्यावर एक भलतेच कुटुंब राहत होते, आणि त्यांच्या दाराशी येणारा मी तिसरा होतो. त्यानंतर मी एक महिना महागड्या तात्पुरत्या खोलीत काढला. ते पैसे वाया गेले, असे मला आता वाटत नाही.

दुसऱ्या खेपेला नियम वाचले. इंग्लंडमध्ये २०१९ पासून जागा राखून ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या भाड्याहून अधिक रक्कम घेता येत नाही. वार्षिक भाडे पन्नास हजार पौंडांच्या आत असेल, तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापुरतेच घेता येते, आणि ते तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावे लागते. एक गोष्ट मात्र तरीही चुकली. घरातील सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, लागत नाही. आमच्यातल्या एकाने नोकरी धरली आणि घराला बिल सुरू झाले. एकच प्रौढ धरला जात असल्याने पंचवीस टक्के सूट मिळाली, पण उरलेली रक्कम कोणी भरायची यावरून आमच्या चौघांत तीन आठवडे अबोला होता.

मी रात्री उशिरापर्यंत एका उपाहारगृहात काम करत असे. म्हणून सही करण्यापूर्वी रात्री साडेअकराला स्थानकापासून घरापर्यंत चालत गेलो होतो. पोलिसांच्या संकेतस्थळावर रस्त्यागणिक गुन्ह्यांचा नकाशा मिळतो, तोही पाहिला होता, पण मोठ्या स्थानकाभोवतीचे आकडे त्यात मोठेच दिसतात. दिवे चालू आहेत का आणि त्या वेळी रस्त्यावर कोण असते, हे चालल्यावरच कळते.

वाँड्सवर्थ, लॅम्बेथच्या हद्दीजवळ

थोडक्यात दोन गोष्टी. कौन्सिल टॅक्स बरोगणिक बदलतो आणि वाँड्सवर्थचा देशातील सर्वांत कमी दरांत मोडतो, म्हणून हद्दीवरची घरे पाहताना भाड्यात तो मिळवूनच तुलना करावी. नवीन इमारतींपैकी पुष्कळ ‘कार-फ्री’ अटीवर बांधलेल्या असतात. तिथल्या रहिवाशांना रस्त्यावर गाडी उभी करण्याचा परवाना मिळत नाही, आणि एजंट हे आपण होऊन सांगेलच असे नाही. आम्हांला गाडी विकावी लागली.

वुलिच, २०२२ पासून

मला लहानपणी पोलिओ झाला आणि मी कॅलिपर व कुबड्या वापरतो. त्यामुळे माझ्यासाठी लंडनचा नकाशा इतरांच्या नकाशाहून पुष्कळच लहान आहे. ट्यूबच्या साधारण एक तृतीयांश स्थानकांवरच जिन्याशिवाय जाता येते. नकाशावर चाकाच्या खुर्चीची दोन चिन्हे असतात, आणि त्यांतला फरक मी पडता पडता शिकलो : निळ्यावर पांढरे चिन्ह म्हणजे रस्त्यापासून थेट गाडीत, आणि पांढऱ्यावर निळे म्हणजे केवळ फलाटापर्यंत. तिथून गाडीत चढताना पायरी आणि फट असू शकते.

२४ मे २०२२ रोजी एलिझाबेथ लाइन हा नवा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि माझा प्रश्न सुटला. पॅडिंग्टनपासून वुलिचपर्यंतच्या स्थानकांवर फलाट आणि गाडी एका पातळीत आहेत. माझे कार्यालय कॅनरी व्हार्फला असल्याने प्रवास दहा मिनिटांच्या आतला आहे. तरीही एक चूक होताहोता राहिली. वुलिचच्या दक्षिणेला जमीन चढत जाते, आणि मला पसंत पडलेले पहिले घर नकाशावर स्थानकापासून आठशे मीटरवर असले, तरी ते आठशे मीटर सगळे चढाचे होते. सोबत आलेल्या मित्राला तो चढ जाणवलाही नाही. शेवटी नदीकाठच्या सपाटीवर, लिफ्ट असलेल्या इमारतीत घर घेतले. लिफ्ट बंद पडल्यास व्यवस्थापक किती तासांत दुरुस्त करतो, हे तिथल्या दोन रहिवाशांना विचारून घेतले होते.

ज्यांनी धागा सुरू केला त्यांच्याकडून

आगाऊ भाड्याबद्दल विचारणा झाली आहे. साधारणपणे महिन्याच्या भाड्याच्या तीसपट वार्षिक उत्पन्न आणि पुष्कळदा या देशातील जामीनदार मागितला जातो. नव्याने आलेल्यांकडे असा जामीनदार बहुधा नसतो, म्हणून सहा-सहा महिन्यांचे भाडे आधी भरण्याची पद्धत पडली होती. २०२५ च्या नव्या कायद्याने एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे मागण्यास मनाई केली असून १ मे २०२६ ही ती मनाई लागू होण्याची तारीख आहे. त्यापूर्वीचे अनुभव वाचताना हे ध्यानात ठेवावे.

टूटिंग, २०२० पासून, परिचारिका

मला सगळ्यांनी एकमुखाने हॅरो किंवा वेम्बली सुचवले होते. तिथे आपली माणसे आहेत, सण एकत्र होतात, आजारपणात कोणी तरी डबा आणते. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण माझे रुग्णालय दक्षिणेला, पाळी सकाळी साडेसातची, आणि रविवारी पहिल्या गाड्या उशिरा सुटतात. वायव्येला राहिले असते, तर बारा तासांच्या पाळीला येण्याजाण्याचे आणखी तीन तास जोडले गेले असते. मी रुग्णालयापासून बारा मिनिटे चालत जाण्याच्या अंतरावर खोली घेतली. ती जून महिन्यात पाहिली, तेव्हा रात्री नऊलाही उजेड होता आणि तळघरातली असूनही प्रसन्न वाटली. डिसेंबरात चार वाजण्यापूर्वी सूर्य मावळू लागला, भिंतीला ओल आली आणि कपाटामागे काळी बुरशी धरली. घर ऊर्जा किती राखते हे दाखवणाऱ्या प्रमाणपत्रावर तिची श्रेणी ‘ई’ होती, म्हणजे भाड्याने देण्यास कायद्याने चालणारी शेवटची. ते प्रमाणपत्र मला मिळाले होते, मी उघडून पाहिले नव्हते.

वर्षभराने त्याच रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली घेतली. घर बदलले, भाग बदलला नाही. पहिल्या हिवाळ्यात एकटेपणा फार जाणवला, हे मात्र लपवत नाही. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिलला आहे. सुटी असेल त्या रविवारी मी नॉर्दर्न लाइनने निघते, लंडन ब्रिजला ज्युबिली लाइन पकडते आणि जवळपास तासाभराने तिथे पोहोचते. जाताना वाचायला पुस्तक असते, येताना कोणी तरी दिलेला डबा असतो. दुसऱ्या दिवशी पाळी असली, तरी सव्वासातपर्यंत घरातून निघायचे नसते.