अलास्का क्रूझ: ग्रॅच्युइटी (कंपनीने ठरवलेली टिप) तर कापतातच, मग स्टाफला वरून काय आणि किती द्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे आलेले असतील, तेव्हा सिएटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ बुक केलीय. जुनो, स्कॅगवे, केचिकन आणि परत येताना व्हिक्टोरिया. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा, असे सहा जण, दोन केबिन. बाकी सगळं ठरलं, गाडी अडलीय ती टिपवर आणि त्यावरून घरात रोज फोनवर चर्चा चालूय म्हणून इथे विचारतेय.

बुकिंग रॉयल कॅरिबियनचं आहे. साध्या केबिनला माणशी दिवसाला १८.५० डॉलर ग्रॅच्युइटी दाखवतायत, लहान मुलांनाही तेवढीच. म्हणजे सात दिवसांचे सहा जणांचे ७७७ डॉलर. आधी भरले तर ठीक, नाहीतर रोज आपल्या खात्यावर चढत जातात. बाबांनी लगेच रुपयात हिशोब केला, साठ हजारांच्या वर गेला म्हटल्यावर त्यांचं म्हणणं की एवढं दिल्यावर वरून परत कशाला. आईचं बरोब्बर उलटं, की ते कंपनीने कापले, आपण कुठे कुणाच्या हातात काही दिलं? जो माणूस आठवडाभर आपली अंथरुणं घालणार त्याला आपल्या हाताने काहीतरी द्यायला नको का? मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

त्यात नवऱ्याच्या चुलतभावाने आणखी एक सल्ला दिलाय. पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ग्रॅच्युइटी काढून टाकायला सांगायची आणि निम्मे पैसे ज्यांनी आपली कामं केली त्यांना रोख द्यायचे, म्हणजे त्यांनाही थेट मिळतात आणि आपलेही वाचतात. हे मला अजिबात पटलेलं नाही. आपल्याला दिसतात ती चार-पाच माणसं, पण चादरी धुणारे, रात्री दोन वाजता भांडी घासणारे आपल्याला कधी दिसतच नाहीत, त्यांचं काय? ही जहाजं अमेरिकेतून सुटत असली तरी बहुतेकांची नोंदणी बहामा, पनामा अशा ठिकाणी असते, त्यामुळे इथला किमान वेतनाचा कायदा तिथल्या स्टाफला लागू होत नाही. त्यांच्या कमाईत ह्या पैशांचा वाटा मोठा असतो. तिकीट काढताना परवडलं आणि ह्यांचे पैसे देताना हात आखडला, हे मला तरी जमणार नाही. तर ते ७७७ मी भरणारच आहे, प्रश्न त्याच्या वरचा आहे.

मुख्य प्रश्न हेड वेटरचा. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, त्यांना घेऊन पूर्वी कॅरिबियन बेटांच्या क्रूझला गेलो होतो तेव्हा पहिल्या संध्याकाळी हेड वेटर टेबलाशी आला, मडगावचा होता, खिशातली छोटी डायरी काढून काय चालतं काय नाही ते लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मेन्यूत नसलेली भेंडी नाहीतर फ्लॉवर-मटार, वरण आणि जिरा राइस त्यांच्यासमोर न मागता यायला लागलं. एकदा टेबल बदललं तरी वाटी शोधत बरोबर आली. आता आई-बाबाही शाकाहारी आहेत, म्हणजे ह्याही वेळी कुणाला तरी हा त्रास देणार. अशा माणसाला वेगळे किती द्यायचे? २० डॉलर फार कमी दिसतात का? आणि तो वरच्या हुद्द्यावरचा, सूट घातलेला, त्याला पैसे दिलेले आवडतात की अपमान वाटतो?

दुसरं म्हणजे भेटवस्तू. आई खणाचे छोटे बटवे शिवतेय, आठ-दहा तरी होतील. त्यात नोटा आणि सोबत चिवड्याचं पाकीट असा तिचा बेत आहे, चिवडा अर्थात घरचा. स्टाफमध्ये फिलिपिनो, इंडोनेशियन लोक खूप असतात, त्यांना हे आवडेल का? की घेऊन ठेवायलाही जागा नसते आणि आपण उगाच ओझं करतो? आईला नाही म्हणायचं असेल तर आत्ताच सांगायला हवं.

ज्यांनी जहाजावर काम केलंय किंवा घरचं कुणी करतंय त्यांनी प्लीज लिहा.

सागरगोटा:
ग्रॅच्युइटी काढू नका हे अगदी बरोबर. एक लक्षात ठेवा, बारमध्ये आणि वेगळे पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये बिलातच १८ ते २० टक्के आधीच लागलेले असतात आणि तरी सहीच्या पावतीवर जास्तीच्या टिपची एक रिकामी ओळ असते. बाबांना ती कोरी सोडायला सांगा, काही चुकत नाही त्यात. रूम सर्व्हिसने चहा आणला तर त्या मुलाला दोन-तीन डॉलर. बंदरावर बॅगा घेणारे पोर्टर जहाजाचे नसतात, त्यांना बॅगेमागे एक-दोन डॉलर देतात, ते हातात तयार ठेवा. बँकेतून एक आणि पाचच्या नोटा काढून न्या, जहाजावर सुटे मागायला लाइन असते.

तारवटी_वेंगुर्ला:
ताई, मी डायनिंगमध्ये होतो, आधी असिस्टंट वेटर मग वेटर. आता गावी असतो. तुमच्या आईंनी जे म्हटलं ते वाचून बरं वाटलं म्हणून सविस्तर लिहितो.

काँट्रॅक्ट सात-आठ महिन्यांचं, त्यात आठवड्याची सुट्टी नावाचा प्रकार नाही. नियम आहे की २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायलाच पाहिजे, पण ती तुकड्यांत मिळते, सकाळचा नाश्ता, मग दुपार, मग रात्रीच्या दोन बैठका, मधे मिळेल तसं झोपायचं. केबिन दोघांत एक, वर-खाली बंक, कपाट एकेक. म्हणून कॉफीचे मग, फोटोफ्रेम, मोठी खेळणी ह्या वस्तू लोक प्रेमाने देतात पण ठेवायला जागा नसते आणि घरी जाताना बॅगेचं वजन भरतं. बटवा चालेल, उलट छानच, घडी होते त्याची. आमच्याबरोबरच्या फिलिपिनो पोरी असल्या वस्तू आईसाठी जपून ठेवायच्या.

घरचा चिवडा मात्र नको. घरी केलेलं खायचं जहाजावर चढवू देत नाहीत, सिक्युरिटीतच काढून ठेवतील आणि आईंना वाईट वाटेल. दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं. चितळ्यांची बाकरवडी न्या, शेंगदाण्याची चिक्की न्या, छोटी पाकिटं. स्टाफच्या मेसमध्ये भात-आमटी मिळते पण रात्री बारानंतर काहीतरी चटपटीत लागतं, तेव्हा त्याची किंमत कळते. इंडोनेशियन मुलं बरीचशी मुसलमान, त्यांना द्यायचं तर पाकिटावर हिरवा शाकाहारी ठिपका असलेलं द्या, त्यांनाही निर्धास्त. दारूची बाटली कुणालाच नको.

पैशांचं म्हणाल तर हेड वेटरला अपमान वगैरे काही वाटत नाही, तोही घर चालवायलाच आलेला असतो. रोज वेगळं करून देत असेल तर आठवड्याचे ४०-५० सगळ्यांच्या वतीने द्या, २० दिले तरी नाक मुरडणार नाही. पण भाजी करणारा आत असतो, म्हणून त्याला सांगा की किचनमधल्या कुकलाही आमच्याकडून द्या, बहुतेक जण खरंच देतात. केबिनवाल्याला दोन खोल्यांचे मिळून ४०, वेटरला २०, असिस्टंटला १५-२०. असिस्टंटला कमी देऊ नका हं, पाणी, ब्रेड, ताटं उचलणं सगळं तोच करतो आणि सगळे त्यालाच विसरतात.

कधी द्यायचं ते महत्त्वाचं. शेवटच्या रात्री द्या, उतरायच्या सकाळी नको. त्या सकाळी दहापर्यंत सगळे उतरवायचे आणि दुपारी नवीन लोक चढतात, केबिनवाल्याला मान वर करायला वेळ नसतो.

चुलतभावाचं ऐकू नका. काही कंपन्यांत असा नियम आहे की प्रवाशाने ग्रॅच्युइटी काढली असेल तर हातात मिळालेले रोख पैसेही सामायिक खात्यात जमा करावे लागतात. म्हणजे त्या माणसाला वेगळं काही राहत नाही.

आणि शेवटचं, नंतर ईमेलवर सर्व्हे येतो त्यात नावं लिहा. नाव आणि नेमकं काय केलं ते. खाली स्टाफचा एक लांबलचक पॅसेज असतो, अमेरिकन जहाजांवर त्याला आय-९५ म्हणतात, आमच्याकडे तिथल्या बोर्डावर ती नावं लागायची. प्रमोशनच्या वेळी हे बघतात. मी असिस्टंटचा वेटर झालो त्यात एका नागपूरच्या काकूंनी लिहिलेल्या चार ओळींचा हात आहे.

डोंबिवलीकर_लंडन:
इकडून जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, पी अँड ओ ह्या ब्रिटिश क्रूझ कंपनीने २०१९ पासून वेगळी ग्रॅच्युइटी घेणं बंद केलंय, भाड्यातच धरलेली असते. त्यामुळे अमेरिकन आणि ब्रिटिश कंपनीचं भाडं शेजारी ठेवून बघताना हे पैसे मिळवून बघा. वर द्यायचं तर स्वखुशीने.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. तारवटी दादा, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. चिवडा रद्द, बटवे कायम, आणि ती म्हणतेय की कुकसाठी एक बटवा वेगळा ठेवीन. बाबा हेड वेटरच्या ५० ला तयार झालेत. ७७७ काल भरून टाकले.

आता एकच राहिलंय. जुनोला व्हेल बघायला छोट्या बोटीने जाणार आहोत, ती जहाजाची नाही, तिथल्या लोकांची आहे. बोटीवरच्या कॅप्टनला आणि माहिती सांगणाऱ्याला वेगवेगळं द्यायचं की डबा ठेवलेला असतो? सहा जणांचे किती द्यावेत? अलीकडे कुणी जाऊन आलं असेल तर सांगा.