रविवारचं काय ठरलं?

(घरचा ग्रुप. मोठी मावशी आणि काका म्हणजे दादाचे आई-बाबा, वहिनी दादाची बायको, बंटी मामा-मामींचा, चिऊ धाकट्या मावशीची.)

मोठी मावशी: सुप्रभात. मी रविवारी येणार नाही. तुम्ही सगळे जा, मजा करा.

मामा: अगं अक्का काय झालं

मोठी मावशी: काही नाही झालं. मागच्या वेळी वांद्र्याला आपण चार तास होतो, त्यातला दीड तास त्या कॅफेच्या बाहेर फुटपाथवर, त्या मुलाने नाव लिहून घेतलं नि म्हणाला वीस मिनिटं, मग आत गेल्यावर चिऊचे सगळ्या प्लेटांचे फोटो होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, कॉफी गार, बिल ५७६० आणि पोट रिकामं. मुलुंडला येऊन रात्री साडेनऊला मी पिठलं टाकलं. माउंट मेरी जवळ होतं ते बघितलं नाही, किल्ला बघितला नाही, मग गेलो कशाला होतो?

दादा: यावरून आठवलं. मागच्या वेळचे प्रत्येकी ६४०. मामांकडचे तिघांचे १९२० आणि धाकट्या मावशीकडचे दोघींचे १२८० अजून आले नाहीत. जीपे नंबर तोच आहे 🙏

चिऊ: मावशी सॉरी पण रांगेत सगळेच होते आणि फोटोंचं म्हणशील तर मामाने सहा वेळा पोझ दिली. त्याचा डीपी बघ. त्याच कॅफेतला आहे

बंटी: 😂😂

मामा: चांगला आलाय म्हणून ठेवला

धाकटी मावशी: अक्का, चिऊने हौसेने ठरवलं होतं. ती म्हणत होती की चॅपल रोडवर भिंतींवरची चित्रं बघू, रानवारमधली जुनी घरं बघू, तेव्हा एकही जण चालायला तयार नव्हता. सगळ्यांना आधी बसायचं होतं. आता एकट्या पोरीवर ढकलू नका.

मोठी मावशी: मी कोणावर ढकलत नाहीये. मी फक्त येत नाहीये.

वहिनी: बिलावरून बोलायचं तर त्यात ४९९ रुपये सर्व्हिस चार्ज होता आणि त्या सर्व्हिस चार्जवर परत जीएसटी. म्हणजे ५२४ रुपये फुकट गेले. तो द्यायलाच पाहिजे असं नसतं, २०२२ ला ग्राहक प्राधिकरणाने तसं काढलंय आणि मागे मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच सांगितलं. काढून द्या म्हणायचं, ऐकलं नाही तर १९१५ ला फोन.

धाकटी मावशी: मग तेव्हा का नाही बोललीस गं?

वहिनी: बोलायला तोंड उघडलं होतं मावशी. ह्यांनी डोळे वटारले.

दादा: सगळ्यांसमोर वाद नको म्हणून. आणि पैसे तेव्हा मीच भरत होतो. अजूनही मीच भरलेले आहेत. मामा १९२०, धाकटी मावशी १२८०.

मामा: आणि ती पाण्याची बाटली? २० ची बाटली ९० ला. एमआरपीच्या वर घेता येत नाही, केस टाकली पाहिजे

वहिनी: टाकू नका मामा, हराल. हॉटेलात बसून पिताना एमआरपी लागत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१७ लाच सांगितलंय. साधं पाणी मागायचं, तेवढंच आपल्या हातात.

मामा: हिला सगळी कोर्टं पाठ

मामी: अक्का, तुमचा स्टीलचा उभा डबा माझ्याकडे राहिलाय. रविवारी आणला असता पण तुम्ही येत नाही म्हणता.

मोठी मावशी: तो डबा दिवाळीपासून तुझ्याकडे आहे.

काका: नमस्कार. सर्वांचे संदेश वाचले. माझे मत असे की यावेळी वांद्रे नको. काळा घोडा व फोर्ट करावे. मी ३४ वर्षे फोर्टात नोकरी केली, मला दाखवता येईल. रविवारी ऑफिसे बंद, रस्ते मोकळे, वर बघत चालता येते. एरवी फोर्टात वर बघितले की कोणीतरी धडकते.

चिऊ: काका भारी!! काळा घोडाला पण मस्त कॅफे आहेत. मी लिस्ट टाकू?

मोठी मावशी: बघा.

बंटी: काका पण तो घोडा कुठाय, मी फोटो बघितला तर वर कोणी बसलेलंच नाही

काका: बंटी, चांगला प्रश्न. मूळ पुतळा १८७९ चा, घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे जो सातवा एडवर्ड राजा झाला तो. ससून यांनी दिलेला. १९६५ साली तो उचलून राणीच्या बागेत नेला. पण लोक काळा घोडाच म्हणत राहिले, मी नोकरीला होतो ती सगळी वर्षे तिथे घोडा नव्हताच, गाड्या लावलेल्या असायच्या. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, तो मुद्दाम बिनस्वाराचा.

मामा: म्हणजे आमच्या घरासारखं. घोडा राबतोय, लगाम कोणाच्या हातात ते दिसत नाही

मामी: अहो.

मामा: गंमत केली गं. माझं एवढंच म्हणणं आहे की तिकडे जातोच आहोत तर तृष्णामध्ये बटर पेपर गार्लिक क्रॅब खाऊ. आणि संध्याकाळी कुलाब्याला मोंडेगारमध्ये एकेक थंड. तिथे भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, म्हणजे बघण्यासारखं पण झालं

मामी: रविवारी संकष्टी आहे.

मामा: मग तू चित्रं बघ

मामी: ठीक आहे. डबा तुम्हीच द्या अक्कांना, मी पण येत नाही.

धाकटी मावशी: झालं. दोन विकेट.

बंटी: मी पण एक बिअर घेऊ शकतो ना

धाकटी मावशी: तू लहान आहेस अजून

बंटी: आत्या मी २३ चा आहे, बिअरला २१ लागतात महाराष्ट्रात

वहिनी: हो, आणि व्हिस्कीला २५. तुला दोन वर्षं थांबावं लागेल.

मामा: वकीलबाई 🙏

दादा: कोणी काहीही प्या. आधीच्या वेळचे: मामा १९२०, धाकटी मावशी १२८०. मी लिहून ठेवलंय.

धाकटी मावशी: अरे देते रे, पळून चाललेय का? मागे गणपतीत मोदकांचं नारळ-गूळ सगळं मी आणलं होतं, मी टाकली होती का ग्रुपवर यादी?

दादा: मावशी तसं नाही म्हणायचं मला.

धाकटी मावशी: असू दे.

(बारा-साडेबारापर्यंत कोणी काही लिहिलं नाही. मग मामाने ‘जेवणानंतर शतपावलीचे फायदे’ असा व्हिडिओ पाठवला, तो कोणी उघडला नसावा.)

काका: बघण्याचा क्रम लिहितो. सीएसएमटीला उतरायचे, तिथून नव्या भुयारी मेट्रोने एकच स्टेशन, हुतात्मा चौक. हिचा गुडघा बघता तेवढे चालणे वाचेल. मग फाउंटन, ओव्हल मैदान, राजाबाई टॉवर बाहेरून, मग डेव्हिड ससून लायब्ररी, निळे सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, जहांगीर आर्ट गॅलरी, आणि वेळ उरला तर म्युझियम.

मामी: रिक्षा नाही का मिळणार तिथे?

बंटी: आई 😂 सायन-वांद्र्याच्या पुढे रिक्षा येत नाही

मामी: मला माहितीये. विसरले. घरात कोणी विसरायचंच नाही का?

मामा: पण काका फाउंटन नका म्हणू, हुतात्मा चौक म्हणा. आपणच असं म्हणायला लागलो तर

काका: फाउंटन म्हणजे फाउंटन, ते १८६४ चे दगडी कारंजे आहे, शेजारी आहे ते हुतात्म्यांचे स्मारक. चौकाला हुतात्मा चौकच म्हणतो मी, तुझ्या आधीपासून म्हणतो. कारंज्याला काय म्हणू?

मामा: बरं बरं

चिऊ: काका ओव्हलला काय बघायचं? तिथे क्रिकेटच असतं ना

काका: मधोमध उभे राहायचे आणि दोन्हीकडे बघायचे. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ, टोकदार कमानी, सगळे दगडी, राणीच्या काळातले. पाठ फिरवली की १९३० च्या आसपासच्या गोल कोपऱ्यांच्या, गॅलऱ्यांच्या इमारती, जहाजासारख्या. या दोन्हींना मिळून २०१८ साली युनेस्कोचा वारसा दर्जा मिळाला. एका मैदानाच्या दोन कडांना दोन वेगळी शहरे आहेत. चेंडू लागणार नाही एवढे बघायचे.

चिऊ: ओके हे खरंच भारी आहे. रील होईल

काका: आणि राजाबाई टॉवर. २८० फूट. १८७८ ला पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले व आईचे नाव द्यायला सांगितले. असे सांगतात की त्या जैन, सूर्यास्ताच्या आत जेवायच्या, आणि त्यांना दिसत नव्हते, तेव्हा घड्याळाच्या टोल्यावरून वेळ कळावी.

मोठी मावशी: म्हणजे ते घड्याळ जेवायच्या वेळेसाठी आहे.

काका: तसे सांगतात.

मोठी मावशी: याला म्हणतात मुलगा. आमच्याकडे साडेसातला कॉफीचे फोटो.

दादा: आई मी काय केलं आता

वहिनी: 🙊

धाकटी मावशी: खायचं कुठे ते कोणीच सांगत नाहीये. रांगेत उभं राहायचं नाही हे नक्की, आधीच सांगते.

चिऊ: इराणी?? बन मस्का, चहा. मावशीला पण चालेल. थाळी पाहिजे तर चेतना आहे काळा घोड्यालाच

काका: चेतना जुने, उत्तम. पण रविवारी फोर्टातली बरीच हॉटेले बंद असतात, गिऱ्हाईक ऑफिसातले, ते घरी. आधी फोन करून विचारावे. आमच्या वेळी प्रश्न नव्हता. जहांगीरच्या आत व्हरांड्यात समोवार नावाचे कॅफे होते, १९६४ पासूनचे. अरुंद, रेल्वेच्या डब्यासारखे, एका बाजूला झाडे. पुदिन्याचा चहा घेऊन तास-दीड तास बसले तरी कोणी उठवायचे नाही. शेजारच्या टेबलावर चित्रकार भांडत असायचे. आणि कीमा पराठा. तसा पुन्हा कुठे मिळाला नाही. २०१५ ला बंद झाले.

मोठी मावशी: कीमा पराठा?

मामा: ओ हो हो

मोठी मावशी: मी ३४ वर्षं डबा देत होते. पहाटे साडेपाचला उठून. सोमवारी दुधी, गुरुवारी उपवासाचं, शुक्रवारी मटकी.

काका: डबा मी खात होतो. एकही परत आणला नाही.

मोठी मावशी: मग पराठा कधी?

बंटी: काका टायपिंग दाखवतंय… बंद… परत टायपिंग…

दादा: बंटी गप.

काका: पगाराच्या दिवशी. महिन्यातून एकदा. तेव्हा डबा शिपायाला द्यायचो.

वहिनी: बाबा 😂

मामा: काका आता कोर्टात काही खरं नाही तुमचं. सूनबाई, यावर निकाल काय?

वहिनी: यात मी पडत नाही.

मामी: महिन्यातून एकदा म्हणजे चारशेच्या वर पराठे झाले हो अक्का.

मोठी मावशी: मी मोजले. ४०८.

(दुपारी दोन ते चार ग्रुप शांत. चार वाजता चिऊने चौदा जागांची लिस्ट टाकली. त्यातल्या सहा वांद्र्याच्या निघाल्या, त्यावरून धाकट्या मावशीने आपल्याच मुलीला झापलं, मग दोघींनीही ते मेसेज डिलीट केले.)

दादा: लोकहो, रविवारी किती जण ते कळवा. ग्रुप मोठा असेल तर टेबलासाठी सांगून ठेवावं लागतं. आणि मामा १९२०, धाकटी मावशी १२८०.

धाकटी मावशी: पाठवले. १२८०. बघ आणि इथेच लिही म्हणजे सगळ्यांना दिसेल.

दादा: मिळाले मावशी, थँक यू 🙏

धाकटी मावशी: मोदकांचे सोडून देते.

मामा: रविवारी मेगाब्लॉक आहे का बघा कोणीतरी, डोंबिवलीहून आम्ही लटकतो

बंटी: बाबा तो शनिवारी कळेल

मामा: मग शनिवारी बघा. आणि मी बिअर सोडली रे यावेळी, संकष्टी आहे

मामी: मी येतेय. चेतनात उपासाचं मिळेल का ते काका विचारतील.

काका: विचारतो.

मोठी मावशी: त्या समोवारच्या जागी आता काय आहे?

काका: माहीत नाही. बंद झाल्यानंतर मी आत गेलो नाही.

मोठी मावशी: जागा तरी दाखवाल ना?

काका: दाखवतो. मी कुठल्या कोपऱ्यात बसायचो तेही सांगतो. गॅलरीत तिकीट नाही.

मोठी मावशी: मुलुंडहून साडेआठची गाडी. मी डबा आणणार नाही, कोणी अपेक्षा ठेवू नये. आणि फोटो जेवणाच्या आधी नाही, नंतर.

चिऊ: मावशी येतेय!!! नंतर तर प्लेट रिकामी असेल ना पण

मोठी मावशी: त्याचाच काढायचा.

मामी: डबा आणते अक्का.

दादा: म्हणजे नऊच्या नऊ. मामा तेवढे १९२०

मामा: हा पाठवतोय. चेक करायला १ रुपया टाकलाय, आला का बघ

दादा: आला. उरलेले १९१९?

मामा: नेट गेलं