मोनॅडनॉकच्या भिंती तळाला ६ फूट जाड कशाला?

सांगलीचा_सिव्हिलवाला:
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारला शिकागोची मोनॅडनॉक बिल्डिंग घेतलीये. १८९१ ची, १६ मजली ऑफिस बिल्डिंग, बाहेरच्या भिंती विटांच्या आणि तळाला चक्क ६ फूट जाड! पण त्याच शहरात १८८५ लाच होम इन्शुरन्स बिल्डिंग लोखंडी सांगाड्यावर झालेली ना, मग परत विटा कशाला? कुणी नीट सांगेल का.

साइटवरचा_माणूस:
होम इन्शुरन्समध्ये पण थोडं वजन भिंतींवर होतंच, सांगाड्याची पद्धत तेव्हा नुकती रुळत होती. मोनॅडनॉकमध्ये बाहेरच्या भिंतीच वजन पेलतात, म्हणून तळाला एवढ्या जाड. मोनॅडनॉकचे मालक ब्रूक्स बंधू बोस्टनचे, हात आखडता. पीटर ब्रूक्सचं म्हणणं नक्षी नको, काही बाहेर आलेलं नको, धूळ साचते आणि कबुतरं बसतात. म्हणून आर्किटेक्ट जॉन रूटने भिंती साध्याच ठेवल्या, तळाशी आत वळवल्या, वर बाहेर काढल्या, आणि माझ्या मते तीच तिची खरी शान. आत मात्र लोखंडी खांब आहेत, वाऱ्याचा जोर पेलायला ब्रेसिंग म्हणजे जादा आधार पण, हे सेमिनारमध्ये सांगच. शिकागोची माती मऊ चिकणमाती, एवढं वजन पडल्यावर बिल्डिंग सुमारे २० इंच खचली. आणि १८९३ चा दक्षिणेकडचा भाग होलाबर्ड आणि रोश या आर्किटेक्ट जोडीने स्टीलच्या सांगाड्यावर बांधला, तो हलका, स्वस्त आणि भाड्याने द्यायला जागा जास्त. एकाच बिल्डिंगमध्ये दोन्ही जमाने शेजारी शेजारी उभे आहेत बघ.

गावभागातला:
सांगाडा बघायला एवढ्या लांब कशाला, आमच्या जुन्या वाड्यात ये. वजन सगळं सागवानी खांब आणि तुळयांवर, भिंत नुसती मधे भरलेली, म्हणून तर आपण घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांत मोजतो. २०१९ च्या पुरात मागची मातीची भिंत भिजून रात्रीत बसली, सकाळी बघतो तर खांब तळखड्यावर (खालच्या दगडावर) जसेच्या तसे आणि वरचा कडीपाट (लाकडी छत) जागेवर, माळ्यावर ठेवलेली धान्याची पोती पण कोरडी. आजी त्या खांबाला हात लावून किती वेळ उभी होती.

सांगलीचा_सिव्हिलवाला:
काका हे लई भारी, वाड्याचा सांगाडा डोक्यातच आला नव्हता. रविवारी टेप घेऊन येऊ का? खांब-तुळईचा सांधा आणि तळखडा मोजून ड्रॉइंग काढतो, मोनॅडनॉकच्या सेक्शनशेजारी लावतो.

गावभागातला:
ये की. सकाळी ये, माजघरात उजेड तेव्हाच असतो.