ओणमची पंगत: रविवारच्या जेवणाबद्दल

ए-१०१ (सचिव): मंडळी, ते होडीसारख्या बैठका असलेलं केरळी हॉटेल आहे ना, तिथे रविवारी दुपारी सद्याची (केळीच्या पानावर वाढलेलं ओणमचं केरळी जेवण) पंगत सांगायची आहे. आतापर्यंत २८ नावं आलीत. पक्का आकडा आज रात्री कळवायचाय. जैन किती, मासे खाणारे किती, घरी पार्सल कोणाला हवंय, सगळं इथेच लिहा.

डी-२०५: आम्ही दोघं जैन. सद्यात कांदा-लसूण नसतो ना? मग आमचं चालून जाईल.

बी-४०३: ताई, थांबा. कांदा-लसूण नसला तरी सद्या जैन होत नाही. अवियलमध्ये (दही-खोबऱ्यातली मिश्र भाजी) सुरण आणि बऱ्याचदा गाजर, काळनमध्ये (दह्याची घट्ट कढी) सुरण, कूट्टुकरीतही (हरभरा घातलेली सुकी भाजी) सुरण. पुळिइंजी (चिंच-गुळाचं तोंडीलावणं) तर आल्याचीच. सांबारात काही ठिकाणी छोटे कांदे पडतात. तुम्हाला घेता येईल ते ओलन (कोहळा, चवळी, नारळाचं दूध), अननसाची पचडी, फरसबीचं तोरन (खोबरं घालून परतलेली भाजी), लाल भोपळ्याची एरिश्शेरी (खोबऱ्याच्या वाटणाची भाजी), परिप्पु (मुगाचं घट्ट वरण) व तूप आणि पायसम (खीर). तोरन आणि एरिश्शेरीत लसूण नाही ना, एवढं सचिवांनी फोनवरच विचारून घ्यावं. ऐन पंगतीत वाढप्याला विचारून उपयोग नाही, त्याच्या हातात बादली असते आणि मागे ४० पानं थांबलेली असतात.

ए-१०१ (सचिव): नोंद केली. अजून काही आधी सांगायला हवं का?

बी-४०३: हो. भात कुठला, ते विचारा. मट्टा म्हणजे जाड, लालसर, उकडा तांदूळ. कोकणातला उकडा ज्यांना आवडतो त्यांना तो आवडेलच. ज्यांना पचायला जड जातो त्यांच्यासाठी पांढरा भात थोडा वेगळा ठेवायला सांगा. आणि सगळं खोबरेल तेलात असतं. अवियलवर तर शेवटी कच्चं खोबरेल आणि कढीपत्ता घालून झाकण ठेवतात, तो वास म्हणजेच अवियल. वास नको असेल तर अवियल थोडंच वाढून घ्या, "तेल बदला" म्हणू नका.

सी-३०१: पानावर एवढं सगळं येतं, खायचं कुठून? मुलं गोंधळतात.

बी-४०३: पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. उलटं मांडलेलं दिसलं तर वाढायच्या आधीच फिरवून घ्या. वरच्या अर्ध्या भागात भाज्या, खालच्या अर्ध्यात भात. डावीकडे केळ्याचे वेफर्स, गुळाची शर्करा वरट्टी, मग लोणची आणि पुळिइंजी, त्यापुढे उजवीकडे भाज्या.

भाताच्या फेऱ्या असतात आणि खरी चूक तिथेच होते. पहिल्या भातावर परिप्पु, त्यावर तूप आणि पापड चुरून. दुसऱ्यावर सांबार. मग पायसम. पायसम आलं की जेवण संपलं असं वाटून आपली माणसं हात धुवायला उठतात, पण त्यानंतर रसम आणि ताक यायचं असतं. काही ठिकाणी रसम पायसमच्या आधी येतं. पहिला भात दोन मुठींपेक्षा जास्त घेऊ नका. वाढपी भरभर घालत जातो, पानावर हात आडवा धरला की थांबतो.

दोन नावं फसवतात. पचडी म्हटल्यावर आपल्याकडे कच्ची चिरलेली कोशिंबीर, तिथली पचडी शिजवलेली, दह्या-खोबऱ्याची, बहुतेक वेळा गोडसर. आणि किच्चडी म्हणजे खिचडी नव्हे! काकडी किंवा कारलं, दही, खोबरं आणि वाटलेली कच्ची मोहरी. मोहरी नाकात जाते, लहान मुलांना आधी बोटभर चाखवा.

डी-२०५: आणि ते गुलाबी कोमट पाणी? ते बोटं बुडवायला असतं का?

बी-४०३: नाही हो, ते प्यायचं पाणी आहे. पतिमुगम म्हणजे आपल्याकडचं पतंगाचं लाकूड, त्याच्या ढलप्या टाकून उकळतात. खैराच्या सालीचं असेल तर रंग तपकिरी येतो. साधं पाणी मागितलं तरी मिळतं.

सी-६०२: मासे खाणाऱ्यांचं मी बघतो. चेची (मल्याळीत ताई), ओणमच्या पंगतीला मासा चालतो का?

बी-४०३: काका, दक्षिणेकडे आणि मध्य केरळात पान शाकाहारीच. कन्नूर-कोळिक्कोडकडे कितीतरी घरांत ओणमला मासा-मटण होतं. हॉटेलात त्या दिवशी मेनूकार्ड छोटं असतं, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सी-६०२: मग कार्ड वाचायला हे घ्या. मीन म्हणजे मासा, चेम्मीन कोळंबी, अयला बांगडा, मत्ती किंवा चाळा तारली, नेयमीन सुरमई, आवोली पापलेट, कूंदल माकूल, कल्लुम्मक्काया शिणाणे. करिमीन म्हणजे खाडीतलं कळुंदर, २०१० पासून केरळचा राज्यमासा. पोळ्ळिच्चद म्हणजे मसाला लावून केळीच्या पानात बांधून तव्यावर भाजलेला, वरुत्तद म्हणजे तळलेला. करिमीन एका माणसाला एकच मागवा, पण काटे बारीक आणि भरपूर, मुलांना देऊ नका. पान उघडल्यावर मसाला पाणचट दिसला तर कांदा-टोमॅटो पुरता आटवला नव्हता असं समजायचं. तो पानाला चिकटून लालकाळा व्हायला हवा.

रस्सा मागवताना गाव बघा. कोट्टायमचा लाल रस्सा बिननारळाचा, कुडंपुळीने आंबट. ही कुडंपुळी आपल्या आमसुलाची चुलत बहीण, फक्त धुरावर वाळवून काळी केलेली. आलप्पुळचा रस्सा कैरी आणि नारळाच्या दुधाचा, तिखट कमी. सगळ्यात सौम्य मोइली (नारळाच्या दुधातला पिवळसर रस्सा), ज्येष्ठांसाठी तीच घ्या. लाल रश्श्यासोबत कप्पा, म्हणजे उकडून कुसकरलेला टॅपिओका. एक प्लेट चौघांत पुरते, भातासारखी माणशी मागवू नका, पोटात फुगते.

अप्पम (तांदळाचं आंबवलेलं घावन) एकदम मागवून ठेवू नका. जाळीदार कडा दहा मिनिटांत चिवट होते. माणशी दोन आधी, पोट बघून तिसरं.

सी-३०१: कार्डावर बीफ लिहिलंय, त्याचं काय? आमच्या आजींना चालणार नाही.

सी-६०२: महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे इथे रीतसर मिळतं ते म्हशीचं. तरीही आजींचं पान शाकाहारी टेबलावरच लावा आणि परोट्याचा तवा वेगळा आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी एकाच तव्यावर सगळं होतं.

ए-४०४: आमच्याकडे आई येऊ शकत नाही, तिच्यासाठी पार्सल हवंय. कितपत टिकतं?

बी-४०३: वहिनी, दुपारचं दुपारीच संपवा. अवियल सगळ्यात आधी आंबतं, त्यात ओलं खोबरं आणि दही दोन्ही. काळन, पचडी, किच्चडी गरम करू नका, दही फुटतं, तशीच वाढा. भात, परिप्पु, सांबार गरम करा. पापड कागदात वेगळा मागा, डब्याच्या वाफेने मऊ पडतो.

पायसम दोन असतील तर आईंना पालडा द्या, दूध-साखरेचं, हलकं. अडा प्रधमन गूळ आणि नारळाच्या दुधाचं. त्यात पहिलं दाट दूध अगदी शेवटी घालून लगेच उतरवायचं असतं, उकळी आली की फुटतं. डब्यात वर तेलाचा थर आणि खाली रवाळ दाणे दिसले तर तेच झालंय. घरी गरम करायचं तर मंद आचेवर, ढवळत, वाफ धरेपर्यंतच.

डी-२०५: चेची, जेवून झाल्यावर पान कसं मिटायचं? आमच्या मुलीने विचारलंय.

बी-४०३: वरची बाजू आपल्याकडे घेऊन. पलीकडे मिटायची रीत दुःखाच्या जेवणाची.

ए-१०१ (सचिव): ठीक. शाकाहारी पानं २३, त्यात जैन २, मासे घेणारे ५, पार्सल १ वेगळं. दुपारी साडेबाराची पहिली पंगत धरतो, शेवटच्या पंगतीला भाज्या संपत आलेल्या असतात. लसूण, पांढरा भात आणि परोट्याचा तवा, तिन्ही आत्ता फोनवर विचारतो. कोणाचं नाव राहिलं असेल तर रात्री ९ च्या आत टाका.