मासिकाचे जुने अंक बांधून घ्यावेत की सुटेच ठेवावेत?

पंचवटीकर

चित्रकथांच्या एका इंग्रजी मासिकाचा मी शाळेत असल्यापासून वर्गणीदार आहे. पहिली वर्गणी वडिलांनी मनिऑर्डरने पाठवली होती, पुढे नोकरी लागल्यावर ती मी भरू लागलो. मधले मोजके अंक सोडले तर सगळा संग्रह नाशिकमधील पंचवटीतील जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या पेट्यांत आहे. घर आता पुनर्बांधणीसाठी रिकामे करायचे असल्यामुळे अंक गंगापूर रोडवरील फ्लॅटमध्ये न्यावे लागतील. तेथे जागा कमी आहे, म्हणून दर वर्षाचे बारा अंक एका पुठ्ठा बांधणीत घालून कपाटात उभे लावावेत, असे घरच्यांचे म्हणणे आहे. रविवार कारंजाजवळचे एक बाइंडर काम करण्यास तयार आहेत. मात्र कडा मशीनवर छाटाव्या लागतील आणि मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढली तर खंड आटोपशीर होईल, असे ते सांगतात. जुन्या अंकांच्या पिना गंजल्या आहेत आणि कागद कडेने तपकिरी पडला आहे. बांधणी करावी का? न केल्यास पावसाळ्यात सुटे अंक कसे सांभाळावेत?

जीर्णपत्रे

मी ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांचे काम पाहते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. कादंबरीच्या पानाला चारही बाजूंनी मोकळा समास असतो, म्हणून तिच्या कडा छाटल्या तरी मजकुराला धक्का लागत नाही. चित्रकथेत चौकट बऱ्याचदा पानाच्या काठापर्यंत जाते आणि संवादाचा फुगा अगदी वरच्या कडेला टेकलेला असतो. तेथे तीन-चार मिलिमीटर कागद गेला तरी ओळच अर्धी होते. जुन्या बाजारातून आलेल्या बांधीव खंडांत असे अर्धे संवाद मी अनेकदा पाहिले आहेत. शिवाय बारा अंक एकत्र रचून बाजूने टाके घातले की आतला समास शिवणीत जातो आणि दोन पानांवर पसरलेले चित्र मधोमध गिळले जाते. तपकिरी कागद त्या शिवणीपाशी उघडताना मोडतो, तो तोटा वेगळाच.

कागद तपकिरी पडण्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. वृत्तपत्री कागद लाकूड यंत्रावर भरडून केलेल्या लगद्याचा असतो आणि त्यात लिग्निन हा लाकडातला घटक शिल्लक राहतो. प्रकाश व हवा लागून तो पिवळा पडतो, आम्ल तयार होते आणि कागद ठिसूळ होतो. ही क्रिया उलटवता येत नाही, मंदावता येते. गंजलेल्या पिना मागून पाते घालून अलगद उघडाव्यात आणि त्याच छिद्रांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ मारावी. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा देऊन ठेवावा. पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात, कारण त्या कालांतराने शाईला चिकटतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नये.

पावसाळ्याविषयी सांगायचे तर हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर बराच काळ राहिली की बुरशी धरते. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला, न्हाणीघराच्या भिंतीला किंवा स्वयंपाकघराला लागून नसावे, भिंतीपासून थोडे पुढे असावे आणि खालचा खण रिकामा ठेवावा. माळ्यावर उन्हाळ्यात पत्र्याखाली जी उष्णता साठते, ती कागदाला ओलीइतकीच घातक आहे. त्या दृष्टीने स्थलांतर ही चांगलीच गोष्ट म्हणायची. हलवण्यापूर्वी प्रत्येक पेटी उघडून कसर व वाळवी पाहावी, नाहीतर तीही सोबत येईल.

वाचनवेडा

वरील प्रतिसादातील तांत्रिक भाग मान्य आहे, पण बांधणीला सरसकट नकार देणे मला पटत नाही. आपल्या अनेक घरांत ‘चांदोबा’चे किंवा ‘किशोर’चे जे जुने अंक आज दिसतात, ते कोणीतरी बांधून ठेवले म्हणून दिसतात, सुटे होते ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेले. घरात वाचणारी मुले असतील तर पिशवीतला अंक त्यांच्या हाती कधीच पडणार नाही, आणि न वाचला जाणारा संग्रह सांभाळून काय करायचे? अलीकडचे चांगल्या कागदाचे अंक अवश्य बांधावेत. फक्त बाइंडरला कडा न छाटता, प्रत्येक अंकाच्या मधल्या घडीतून शिवायला सांगावे आणि मुखपृष्ठे आतच ठेवावीत.

जीर्णपत्रे

अलीकडच्या अंकांपुरते हे मान्य. मुखपृष्ठे काढायची नाहीत, हे मात्र अधिक ठासून सांगायला हवे. बऱ्याच मासिकांचा महिना आणि क्रमांक केवळ त्यावरच छापलेला असतो.

गोदाकाठ

जाहिरातींची पानेही काढू नयेत. कथा पुढे संकलनांत पुन्हा छापल्या जातात. वाचकांची पत्रे, स्पर्धेचे निकाल, वर्गणीचे कूपन आणि त्या काळच्या किमती मात्र मूळ अंकातच राहतात. ‘टिंकल’ हे मुलांचे इंग्रजी चित्रकथा मासिक अनंत पै यांच्या संपादनाखाली नोव्हेंबर १९८० मध्ये सुरू झाले आणि वाचकांनी पाठवलेल्या कथा पाठवणाऱ्याच्या नावासह छापत असे. कोणत्या गावची मुले लिहीत होती, हे आज पाहायचे तर तीच पाने हवीत. त्यातली सुपंडी आणि शिकारी शंभू ही गाजलेली पात्रे १९८३ मध्ये अवतरली, त्यामुळे अशी पात्रे प्रथम आली त्या वर्षांचे अंक कोणत्याही मासिकाचे असोत, सुटेच ठेवावेत. (शंभूचे चित्रकार वसंत हळबे आपले मराठी, हे अनेकांना ठाऊक नसते.)

आधी वर्ष, महिना, क्रमांक आणि स्थिती अशी यादी करा. पुढेमागे संग्रह द्यायचा झाला तर १८४० पासून चालत आलेले आपले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय असो किंवा दुसरी संस्था, तिला यादीच आधी दाखवावी. न विचारता पेट्या नेऊन ठेवू नयेत. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन उपलब्ध केले आहेत. आपल्या मासिकाबाबत तशी सोय नसेल तर ठिसूळ अंकांची स्वतःसाठी छायाप्रत काढून ठेवावी, मात्र ती सर्वांसाठी चढवू नये. भारतात स्वामित्वहक्क लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

पंचवटीकर

सर्वांचे आभार. तपकिरी पडलेले सगळे अंक सुटे ठेवतो आणि नव्या अंकांसाठी बाइंडरना न छाटता शिवता येईल का, हे विचारतो. एक शंका राहिली: टपालाने आलेल्या अंकांच्या मुखपृष्ठावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली आहे. ती काढावी का?

जीर्णपत्रे

काढू नये. डिंक वाळलेला असल्यामुळे चिठ्ठीबरोबर चित्राचा थर निघून येतो. अंक विकायचा किंवा द्यायचा झाल्यास पत्त्यावर कागदाची पट्टी नुसती टेकवून पिशवी बंद करावी.